डोळा लागला की डोळ्याला लागलं?

सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या नर्सचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळची केरळची. हिंदी बरं येतं, मराठी दोन वर्षं वॉर्डात ऐकून ऐकून शिकले. परवा एक आजी म्हणाल्या, 'पहाटं पहाटं जरा डोळा लागला बघा.' मी केसपेपरवर डोळ्याला मार लागल्याचं लिहिलं. राउंडला डॉक्टर टॉर्च घेऊन आजींचे दोन्ही डोळे तपासत राहिले आणि मला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. हे 'लागणं' दिवसातून पन्नास वेळा कानावर येतं आणि दर वेळी अर्थ निराळा. शब्दकोश उघडला तर अर्थांची यादी संपता संपेना. ही यादी पाठ करायची का?"

सिस्टर, यादी पाठ करू नका. मी मिरजेत गेली 22 वर्षं अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. बँकेत बदलून आलेले अधिकारी, रेल्वेतली माणसं, शिकाऊ डॉक्टर, तुमच्यासारख्या नर्सेस. पहिले दोन महिने वर्ग सुरळीत चालतो आणि मग 'लागणे'पाशी येऊन अडतो. ज्यांनी यादी पाठ करायला घेतली ते तिसाव्या अर्थाला दमले. ज्यांनी या शब्दाच्या आजूबाजूला बघायची सवय लावून घेतली, त्यांना पुढे कधी न ऐकलेला अर्थही जागच्या जागी उलगडत गेला. आणि झाल्या प्रकाराचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही 'डोळा' बरोबर ऐकलात, 'लागला'ही बरोबर ऐकलात. मधला एक 'ला' तिथे नव्हता, एवढंच निसटलं.

आधी आजींचं वाक्य सोडवू. 'डोळा लागला' म्हणजे नकळत थोडी झोप लागली. पापणी पापणीला टेकली आणि तशीच राहिली. इथे डोळा स्वतःच लागला, म्हणून क्रियापद त्याच्याशी जुळून 'लागला' झालं. 'डोळ्याला लागलं' म्हणजे इजा झाली. इथे डोळ्याला बाहेरून काहीतरी लागलं. काय लागलं ते सांगितलेलंच नाही, म्हणून जुळायला नाम उरलं नाही आणि क्रियापद 'लागलं' असं नपुंसकलिंगी राहिलं. आजी उद्या म्हणाल्या, 'लेकाच्या वाटेकडं डोळं लागल्यात,' तर तिथे ना झोप आहे ना इजा. त्या मुलाची वाट बघतायत, नजर दारावरून हलत नाहीये.

हीच गंमत हातापायांचीही आहे. गर्दीत कुणाला आपला पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो, आणि पायाला लागलं तर मलमपट्टी करतो. 'हात लागला' म्हणजे हाताचा स्पर्श झाला. 'हाताला लागलं' मात्र दोन तऱ्हांनी येतं. 'पडलो आणि हाताला लागलं' ही इजा. 'अंधारात हाताला लागलं ते उचललं' यात इजा नाही, चाचपडताना जे सापडलं ते घेतलं. आणि 'हाती लागलं' असं 'ला' गाळून म्हटलं की ते नुसतं सापडणं. शरीराच्या अवयवाचं नाव आलं की एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: अवयव लागला, की अवयवाला लागलं? तुमच्या कामात निम्मी अडचण इथेच सुटते.

आता शब्दाच्या मुळाशी जाऊ, कारण मूळ कळलं की यादीची भीती जाते. संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणं, जडणं. त्याचंच रूप 'लग्न', म्हणजे जडलेलं. त्यामुळे 'लग्न लागलं' या दोन शब्दांत एकच धातू दोनदा येतो. 'लगत', 'लगेच', 'लागलीच', 'लागोपाठ', 'लागेबांधे' ही सगळी त्याच घरातली मंडळी. या घराची खूण अशी की एक गोष्ट दुसरीला येऊन भिडते आणि भिडल्यावर लगेच सुटत नाही. भिडणं आणि टिकणं, दोन्ही हवं.

हे समजायला स्वयंपाकघरात या. गॅसवर दुधाचं पातेलं आहे, तुम्ही फोनवर बोलताय आणि ढवळायचं राहिलं. दूध उतू गेलेलं नाही, वरून पांढरंशुभ्र दिसतंय, पण घरभर एक करपट वास सुटला. पळी तळाशी फिरवली की खरखर हाताला जाणवते आणि तपकिरी पापुद्रे वर येतात. मराठी बाई म्हणते, 'दूध लागलं.' भात तळाशी धरला की 'भात लागला'. इथे 'लागणं' अगदी मूळच्या अर्थानं आहे: पातेल्याला चिकटलं आणि सुटेना. त्या लागलेल्या दुधाचा चहा केला की तो 'करपट लागतो', म्हणजे जिभेला तशी चव भिडते. आणि 'आमच्याकडे रोज दोन लिटर दूध लागतं' म्हणजे तेवढी गरज आहे. एकाच दुधाबद्दल ही वाक्यं एकाच घरात, एकाच सकाळी बोलली जातात आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. पहिल्यात दुधावर संकट आलंय. दुसऱ्यात 'करपट' हे विशेषण आधी आलंय. तिसऱ्यात 'रोज' आणि माप आहे. अर्थ या सोबत्यांवरून ठरतो.

टिकण्याचा धागा तुमच्या वॉर्डात सगळ्यात उपयोगी पडेल. 'झोप येते' आणि 'झोप लागते' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. 'झोप येते' म्हणजे डोळे जड झालेत, पेंगतोय. 'झोप लागली' म्हणजे खरंच झोपला. त्यामुळे 'झोप येते पण लागत नाही' हे वाक्य मराठीत पूर्ण अर्थाचं आहे: डोळे मिटतायत, पण अंग टेकलं की जाग येते. कुणी 'झोपच येत नाही' म्हणालं तर त्याला पेंगही येत नाहीये. डॉक्टरांना सांगताना हा फरक पुसू देऊ नका.

तसंच 'उलटी झाली' म्हणजे एकदा झाली. 'उलट्या लागल्यात', 'जुलाब लागलेत' म्हणजे सुरू झाल्या आणि थांबेनात. उचकी, ठसका, धाप यांना 'लागणं'च शोभतं, कारण ती एकदा सुरू झाली की माणसाला धरूनच बसतात. पावसाचंही असंच: पाऊस 'येतो', पण 'झड लागली' की दिवसभर उघडीप नाही. रांग लागते, रीघ लागते. ताप मात्र 'येतो' किंवा 'चढतो'. 'मला ताप लागला' असं आपण म्हणत नाही, आणि याचं कारण मी विद्यार्थ्यांना नियम म्हणून सांगत नाही. रूढी आहे, तशी घ्यायची.

आता माणसाकडे वळू. 'मला भूक लागली', 'तिला तहान लागली', 'बाळाला झोप लागली'. इंग्रजीतून मराठीकडे येणारे इथे अडखळतात, त्यांना 'मी' कुठे गेला ते कळत नाही. तुम्हाला मात्र हे आधीपासून येतं. मल्याळममध्ये तुम्ही 'एनिक्कु विशक्कुन्नु' म्हणता. त्यातला 'एनिक्कु' म्हणजेच आमचा 'मला'. भूक ही मी केलेली गोष्ट नव्हे, ती माझ्याकडे आली. तुमच्या आणि माझ्या भाषेची कुळं वेगळी, पण या बाबतीत दोघींचं मन एकसारखं चालतं. मराठीत भूक, तहान, झोप, ध्यास, वेड, नोकरी, लॉटरी, दृष्ट ही सगळी बाहेरून येऊन माणसाला चिकटतात. म्हणून माणूस 'ला' घेतो आणि क्रियापद आलेल्या गोष्टीशी जुळतं: भूक लागली, ध्यास लागला, वेड लागलं. नोकरीचं तर दोन्हीकडून म्हणता येतं. 'पोराला नोकरी लागली' म्हणजे नोकरी पोराकडे आली, आणि 'पोरगा नोकरीला लागला' म्हणजे पोरगा नोकरीला जाऊन चिकटला. 'कामाला लाग', 'अभ्यासाला लाग' यातही माणूसच कामाला जाऊन भिडतो.

हा 'ला' प्रत्यय कुठून आला, याबद्दल एक मत मला फार आवडतं. जुन्या मराठीत 'साठी', 'कडे' या अर्थानं 'लागी' हा शब्द येतो. 1290 मधल्या ज्ञानेश्वरीत तो जागोजाग भेटतो. काही भाषाभ्यासकांच्या मते आजचा 'ला' याच 'लागी'चा झिजलेला अवशेष आहे. तुकोबांची 'भेटीलागी जीवा लागलीसे आस' ही ओळ वारीच्या दिवसांत तुमच्या कानावर आली असेल. एका ओळीत 'लागी'ही आहे आणि 'लागली'ही. भेटीसाठी जिवाला आस जडली आहे. शिकवताना ही ओळ मी फळ्यावर लिहिते आणि पाच मिनिटं काहीच बोलत नाही. विद्यार्थी स्वतःच दोन्ही 'लाग' शोधून काढतात.

हिंदी येतं म्हणालात, त्याची मदत होते तसा घातही होतो. हिंदीतलं 'लगना' मराठीत एका शब्दात मावत नाही, त्याचे तीन-चार वाटे होतात. 'मुझे लगता है' याचं मराठी 'मला वाटतं'. 'डर लगता है' म्हणजे 'भीती वाटते'. 'ठंड लगती है' म्हणजे 'थंडी वाजते'. 'अच्छा लगा' म्हणजे 'बरं वाटलं' किंवा 'आवडलं'. भूक, तहान, धक्का, आग ही मात्र दोन्हीकडे 'लागतात'. वॉर्डात मी नेहमी ऐकते ती चूक अशी: हिंदी मनात ठेवून पेशंटला 'आता कसं लागतंय?' असं विचारलं जातं. पेशंट गोंधळतो, कारण 'कसं लागतंय' हा चवीचा प्रश्न आहे. पेज भरवून झाल्यावर तो बरोबर. तब्येतीसाठी 'कसं वाटतंय?' विचारायचं. 'वाटणे' हाही मोठा संसारी शब्द आहे: 'मला वाटलं' म्हणजे मनात आलं, 'मी पेढे वाटले' म्हणजे चार जणांना दिले आणि 'चटणी वाटली' म्हणजे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक केली. इथेही 'मी' आहे की 'मला', हे बघितलं की काम झालं.

आता सगळ्यात नाजूक जागा. 'लागणे' दुसऱ्या क्रियापदाच्या मागे येऊन बसतं तेव्हा त्याचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांपासून फार दूर आहेत. 'मी चालायला लागलो' म्हणजे मी चालणं सुरू केलं. 'मला चालावं लागलं' म्हणजे चालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुस्तकात हा फरक स्वच्छ दिसतो, 'चालायला' आणि 'चालावं'. पण बोलताना, विशेषतः आपल्या या भागात, लोक 'मला चालायला लागलं' असंही म्हणतात आणि त्याचा अर्थ सक्तीचाच असतो. म्हणजे 'चालायला'वर विसंबून चालत नाही. मुद्दा पुन्हा तोच: 'मी' की 'मला'? फ्रॅक्चरचा पेशंट आनंदानं सांगतो, 'मी चालायला लागलो.' तोच कपाळाला आठ्या घालून सांगतो, 'लिफ्ट बंद होती, मला चालायला लागलं.' तुमच्या प्रश्नात तुम्ही 'बोलणी खावी लागली' असं अगदी अचूक लिहिलं आहे. क्रियापद बोलण्यांशी जुळवलंत, स्वतःशी नाही. म्हणजे हा सगळ्यात अवघड भाग तुमच्या तोंडात आधीच बसलाय.

सक्ती, गरज आणि इच्छा यांच्यात मराठी माणूस बारीक भेद करतो. 'मला चहा हवाय' ही आत्ताची इच्छा. 'मला उठल्याबरोबर चहा लागतो' ही सवय, तिच्यावाचून चालत नाही. 'उद्या दोन बाटल्या रक्त लागेल' ही गरज, तिच्यात कुणाच्या इच्छेचा प्रश्न नाही. नातेवाइकांना सांगताना 'रक्त पाहिजे' म्हटलंत तरी समजतं, पण 'लागेल' म्हटलं की ऑपरेशनला ते आवश्यक आहे हे नीट पोचतं आणि शब्दाला कठोरपणाही येत नाही.

वाहनांच्या बाबतीत मात्र सांभाळा. माझ्या वर्गातला एक तमिळ इंजिनिअर एसटी स्टँडवर कंडक्टरला म्हणाला, 'मला कोल्हापूरची बस लागते.' त्याला म्हणायचं होतं की मला कोल्हापूरच्या बसनं जायचंय. कंडक्टरनं मायेनं त्याला खिडकीजवळची जागा दिली आणि पुढच्या सीटवरच्या मावशींनी पिशवीतून आवळासुपारी काढून त्याच्या हातावर ठेवली. 'मला बस लागते' म्हणजे बसमध्ये मला मळमळतं, उलटी होते. 'बस लागली का?' असं स्टँडवर विचारलं तर उत्तर येतं, 'तीन नंबरला लागलीय', म्हणजे फलाटाला येऊन उभी आहे. बसला 'ला' नाही, माणसाला आहे, तेव्हा त्रास माणसाचा. माणूसच वाक्यात नाही, तेव्हा बस फलाटाला लागली. कोकणात हेच बोटीबद्दल ऐकाल: बोट धक्क्याला 'लागली', आणि ज्याला पोटात ढवळतं त्याला 'बोट लागते'. त्यात 'बोट लागलं' म्हणजे हाताचं बोट चुकून लागलं. ते बोट नपुंसकलिंगी, पाण्यातली बोट स्त्रीलिंगी. एका टोकाच्या 'ली-लं'नं अख्खं चित्र बदलतं, म्हणून मराठी ऐकताना वाक्याचा शेवट सोडू नका. अमराठी माणसं पहिले दोन शब्द पकडतात आणि शेवट सोडून देतात, हा माझा रोजचा अनुभव.

आता केवळ तुमच्या कामासाठी काही गोष्टी. 'मार लागला' म्हणजे पडून, आपटून, अपघातात इजा झाली. 'मार खाल्ला', 'मार पडला' म्हणजे कुणीतरी मारलं. 'मार बसला' दोन्हीकडे चालतं, तेव्हा 'कशानं बसला?' असं विचारून घ्या. कॅज्युअल्टीत आलेली बाई खाली मान घालून 'मार बसलाय' म्हणाली, तर केसपेपरवर 'पडल्यामुळे' असं परस्पर लिहू नका. 'मुका मार लागलाय' म्हणजे वर जखम नाही, रक्त नाही, पण आतून ठणकतंय. खेड्यातली माणसं मुक्या माराला रक्त आलेल्या जखमेपेक्षा जास्त घाबरतात, आणि अनेकदा त्यांचं बरोबर असतं.

'लघवीला लागली', 'संडासला लागली' म्हणजे लगेच जायचंय. पेशंट फक्त 'सिस्टर, लागलीय' एवढंच म्हणेल, कारण पुढचा शब्द उच्चारायला त्याला संकोच वाटतो. त्या 'लागलीय'ला 'कुठं लागलंय?' असं विचारत बसाल तर उशीर होईल. 'ली' ऐकली की भांडं पुढे करा. 'लं' ऐकलं की जखम शोधा. 'खाल्लेलं अंगी लागत नाही' म्हणजे जेवतोय पण वजन वाढत नाही, अंगात भरत नाही. 'तोंडाला चव लागत नाही' ही तापातली तक्रार. 'औषध लागू पडलं' म्हणजे गुण आला. 'ऊन लागलं' म्हणजे उन्हाचा त्रास झाला, चक्कर किंवा उलटी. 'सुपारी लागली' म्हणजे सुपारी खाऊन घसा आवळला, घाम फुटला.

आणि एक शब्द लाल शाईनं लिहून ठेवा: 'पान लागलं'. पानवाला पान 'लावतो', म्हणजे कात-चुना लावून विडा तयार करतो, ते वेगळं. पण रात्री-अपरात्री शेतातून माणसाला उचलून आणलं आणि सोबतचे म्हणाले, 'याला पान लागलंय,' तर त्याला साप चावला आहे. सापाचं नाव घेऊ नये, घेतलं तर तो येतो, अशी जुनी समजूत. दिवेलागणीनंतर तर मुळीच नाही. म्हणून कुणी 'लांबडं' म्हणतात, कुणी 'जनावर', आणि चावण्याला 'पान लागणं'. विशेषतः जुनी माणसं असं बोलतात. हा एक वाक्प्रचार वेळेवर कळणं किती मोलाचं आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. 'कसलं पान?' असं विचारण्यात गेलेली पाच मिनिटं परत मिळत नाहीत.

आपल्या भागात राहायचं तर शेताची बोलीही हवी, कारण तुमचे निम्मे पेशंट शेतकरी आहेत. शहरात 'लागण' म्हणजे रोगाची लागण. सांगली-कोल्हापूरकडे 'लागण' म्हटलं की आधी ऊस डोळ्यांपुढे येतो. उसाची कांडी जमिनीत लावतात ती लागण: जुलै-ऑगस्टमधली आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीतली सुरू. तोडणी झाल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा, त्याला नवी लागण करावी लागत नाही. बिहारहून बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्यानं कर्जाच्या अर्जाबरोबरच्या चौकशीत 'दोन एकर लागण झाली' हे ऐकून पिकावर रोग पडल्याची नोंद केली होती. त्या शेतकऱ्याला तालुक्याच्या गावी दोन हेलपाटे घालावे लागले. रोगाची लागण 'होते', उसाची लागण लोक 'करतात', पण 'लागण झाली' म्हणजे लावून संपली, असंही शेतकरी म्हणतो. मग काय बघायचं? आधीचा शब्द. 'कसली लागण?' एवढं विचारलं की झालं. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला आम्ही 'दिवेलागण' म्हणतो, तिथे ना ऊस ना रोग.

हळदीचं तर विचारूच नका. सांगली हळदीचं गाव. इथे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शेतकरी म्हणतो, 'हळद लावली,' म्हणजे कंद जमिनीत पुरले. मांडवात करवली म्हणते, 'हळद लावली,' म्हणजे नवरीच्या अंगाला. आणि ओपीडीत आई म्हणते, 'हळद लावली हो,' म्हणजे पोराच्या जखमेवर घरची हळद दाबून आणलंय. माणूस कुठे उभा आहे त्यावरून अर्थ ठरतो.

'लावणे'बद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, पण ते 'लागणे'चंच करायला लावणारं रूप आहे, म्हणून थोडं. 'दार लाव' म्हणजे बंद कर. 'दिवा लाव' म्हणजे पेटव, चालू कर. विद्यार्थी हैराण होतात की एकच शब्द बंदही करतो आणि चालूही. मी त्यांना सांगते, दर वेळी उलट शब्द शोधा. दार लावलं की उघडतात. दिवा लावला की मालवतात. सलाइन लावलं की काढतात. मलम लावलं की पुसतात. फोन लावला की उचलला जातो किंवा ठेवला जातो. उलट शब्द सापडला की मूळ शब्दाची त्या जागची छटा हातात आली. दार चौकटीला भिडतं, ज्योत वातीला भिडते, सलाइन शिरेला भिडतं. भिडणं सगळीकडे आहेच.

काळालाही आम्ही 'लागणं' देतो. श्रावण लागतो, ग्रहण लागतं, 7 जूनच्या सुमारास मृग लागतो आणि पेशंटच्या नातेवाइकांचं चित्त शेताकडे लागतं. त्या दिवसांत डिस्चार्जची घाई फार होते, तुम्ही पाहिलं असेल. ग्रहणाआधी 'वेध लागतात', आणि तोच शब्द पुढे 'पोरांना दिवाळीचे वेध लागलेत' असा आनंदाच्या बाजूला गेला. सुतक लागतं, दृष्ट लागते, लळा लागतो. बरं-वाईट सगळं येऊन चिकटतं.

शब्दकोश मात्र टाकून देऊ नका. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड 1932 ते 1938 या काळात निघाले. 'लागणे' त्यात उघडून एकदा वरून खाली वाचा, पण पाठ करायला म्हणून नको. वॉर्डात ऐकलेलं एखादं वाक्य घ्या आणि ते कुठे बसतं ते शोधा. खिशात छोटी वही ठेवा आणि त्यात शब्द लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा, कोण म्हणालं आणि कुठे म्हणालं यासकट. 'लागली' असा सुटा शब्द वहीत लिहून काही हाती लागत नाही. 'तीन नंबर बेडचे आजोबा, रात्री दीड, घाईघाईनं: सिस्टर, लागलीय' असं लिहिलंत की तो अर्थ कायमचा तुमचा झाला.

भरतीच्या वेळी फॉर्मवर नातं लिहायचं असतं, तेव्हा सोबत आलेल्याला 'तुमचं नातं काय?' असं न विचारता 'पेशंट तुमचे कोण लागतात?' असं विचारून बघा. नातंही लागतं. समोरचा माणूस सैल होतो. 'चुलत सासरे लागतात', 'तसं कुणी लागत न्हाईत, पर शेजारी हायत' अशी उत्तरं येतील. शेवटचं उत्तर देणाऱ्या माणसाचा फोन नंबर आवर्जून लिहून घ्या. रात्री-अपरात्री तोच धावत येतो.

आणि त्या आजी अजून वॉर्डात असतील तर उद्या सकाळी त्यांना विचारा, 'आजी, रात्री झोप लागली का?' त्या 'लागली गं बाई' म्हणतील, नाहीतर का लागली नाही ते सविस्तर सांगतील. शेजारच्या खाटेवरच्याला खोकल्याची उबळ लागली होती, पंखा कुणी लावलाच नाही, नातवाची आठवण येऊन जीव लागेना. घाई नसेल तर स्टूल ओढून बसा आणि वही उघडा.